धागा बांधला म्हणजे काम झालं

थोरली शनिवारी सकाळी आठ वाजता आली. एका हातात दोन दिवसांच्या कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात माझ्यासाठी आणलेले लोकरीचे मोजे, आणि चेहरा मात्र तिकीट तपासनिसाचा. मी एकतीस वर्षं बस चालवली आहे. तपासनीस मला पाठमोरासुद्धा ओळखू येतो. दारात पाऊल टाकलं आणि तिनं हळूच एक श्वास आत ओढला. दूध करपल्याचा वास येतोय का, ते बघत होती.

"ये," मी म्हटलं. "आज नाही करपलं."

"मी काही बोलले का बाबा?"

"नाकानं बोललीस."

ती हसली. पण जाता जाता स्वयंपाकघरात डोकावलीच.

आता मूळ भानगड सांगून टाकतो. पावसाळा सरताना एका दुपारी मी दूध तापत ठेवलं आणि बागेत डेलियांना काठ्या बांधायला गेलो. दूध कुणाचं उतू जात नाही? पण माझं नुसतं उतू गेलं नाही, पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं आणि खिडकीतून धूर निघाला. तो पलीकडच्या शेजाऱ्यानं बघितला. हा शेजारी दिवसातून चार वेळा तापमान सांगतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव वेधशाळा. वेधशाळेनं मागच्या दारानं येऊन गॅस बंद केला, इथवर ठीक. पण नंतर थोरलीला फोन करून सगळं सांगितलंही. त्याच्या आधीचं एक पातेलं मी स्वतः कचऱ्याच्या तळाशी दडवलं होतं, ते सुदैवानं त्याला माहीत नव्हतं.

मग थोरलीचे आणि धाकट्याचे फोन सुरू झाले. धाकटा दूर राहतो, त्यामुळे त्याला काळजी जास्त आणि काम कमी. दोघांनी मिळून ठरवलं, की बाबांनी हिवाळ्यात एकटं राहू नये. थोरलीच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. सातवा मजला, खिडकीतून गाड्यांचं पार्किंग दिसतं. "फक्त हिवाळ्यापुरतं, बाबा," ती म्हणाली. हे 'फक्त' मला चांगलं ठाऊक आहे. डेपोतही मला "थोडे दिवस टेबलावर बसा" म्हणाले होते. त्यानंतर मी स्टेअरिंगला हात लावला नाही.

म्हणून मीच फोनवर डाव टाकला. म्हटलं, पहिली कडक थंडी पडायच्या आधी दोन दिवस ये. घर आणि बाग मी एकट्यानं हिवाळ्याला तयार करीन. तू हात लावायचा नाहीस, नुसतं बघायचं. एक जरी काम राहिलं, तर मी गुपचूप बॅग भरीन. सगळी झाली, तर मी इथेच राहणार, आणि पुन्हा सातव्या मजल्याचं नाव काढायचं नाही.

"ही काय पैज आहे का?" ती म्हणाली.

"पैजच आहे."

शेवटी ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून माझी झोप उडाली होती, हे मी तिला सांगितलं नाही.

आमच्या घरात हिवाळ्याची कामं करायची एक पद्धत आहे. ती पाडली हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं. या घरात आलो त्या पहिल्याच वर्षी बागेच्या नळाची लाइन बंद करायची राहून गेली. मला वाटलं हिनं केली, हिला वाटलं मी केली. जानेवारीत पाइप फुटला, तळघरात घोटाभर पाणी साचलं आणि आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ही लाल लोकरीचा गुंडा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, यापुढे तोंडी कारभार बंद. ज्यानं काम केलं त्यानं तिथे लाल धागा बांधायचा. धागा बांधला म्हणजे काम झालं. धागा नाही म्हणजे नाही, मग कुणी कितीही शपथा घेवोत. चौतीस वर्षं तसंच चाललं. मुलंही त्यातच वाढली. लहानपणी थोरली शाळेतून आली, की बागेभर धागे मोजत हिंडायची. तीन वर्षांपूर्वी ही गेली. तेव्हापासून करणारा मी आणि बांधणाराही मीच. तरी धागा चुकवला नाही.

शनिवारी चहा झाल्यावर मी जुना कोट चढवला, खिशात लोकरीचा गुंडा टाकला आणि बाहेर पडलो. गुंडा जरा लहान वाटला. मागच्या वर्षी जास्त वापरली असेल, असं मनाशी म्हटलं. थोरली माझ्या मागोमाग चहाचा मग हातात धरून निघाली. बस काढण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची माझी जुनी सवय, तशी मी घराभोवती एक फेरी मारली आणि कामाला लागलो.

गुलाबांना छाटून बुंध्याशी पेंढा घातला, वरून गोणपाट गुंडाळलं. धागा. डेलियाचे कंद काढले, माती झटकली, खोक्यात भुसा घालून त्यात मांडले. धागा. थोरली बघत होती. तिला बघणं जमत नव्हतं. मी वाकलो की तिचे गुडघे वाकायचे, मी फावडं उचललं की तिचा मग सांडायचा.

"मागे हो," मी म्हटलं. "पुढच्या दारानं चढलीस, आता गप बसून राहा."

मग शिडी काढली. छपराच्या पन्हळीत पाला साचतो. तो काढला नाही, तर पाणी तुंबतं, गोठतं आणि पन्हळ फाटते. शिडी बघून थोरलीचा चेहरा उतरला. मी शिडी भिंतीला लावली आणि बघतो तर पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपला लाल धागा.

गाठ माझीच होती. दोन वेढे आणि एक ओढ, मी दुसरी गाठ बांधतच नाही.

"अय्या, पन्हळ झालीसुद्धा?" थोरली म्हणाली.

मला आठवेना. शिडीवर चढल्याचं आठवेना, पाला काढल्याचं आठवेना. पण धागा तर होता. आणि ती माझ्याकडे बघत होती.

"झाली की," मी म्हटलं. "तू यायच्या आधीच उरकली. मला शिडीवर बघून तुझं ब्लडप्रेशर वाढलं असतं."

"एकटे चढलात? बाबा, घरात कुणी नसताना? पडला असतात म्हणजे?" तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. मला ते बोलणं गोड लागत होतं. निदान विषय तिकडे गेला. शिडी ठेवून मी बाथरूममध्ये गेलो, दार लावलं आणि दोन्ही हातांची बोटं उजेडात धरली. पन्हळ साफ केली की माझी पेरं दरवर्षी सोलवटतात. एकाही बोटावर ओरखडा नव्हता. बऱ्या झाल्या असतील जखमा, म्हातारी कातडी कधी आठ दिवस घेते, कधी दोन. असं काहीतरी मनाला सांगून मी बाहेर आलो.

पुढे तसंच आणखी होत गेलं. बागेच्या नळाला धागा. माळ्यावरच्या छताच्या खिडकीची कडी घट्ट आवळायची असते, त्या कडीला धागा. बैठकीच्या खोलीत लाकडाची शेगडी आहे. तिच्या धुराड्याला खाली एक लोखंडी झाकण आहे, ते उघडून लांब ब्रशनं काजळी काढायची असते. त्या झाकणाच्या मुठीलाही धागा. प्रत्येक धागा दिसला की थोरली खूश व्हायची आणि माझ्या मनात पाल चुकचुकायची. एकदा वाटलं, झाकण उघडून बघावं. पण ती शेजारी उभी. स्वतःच्याच धाग्यावर माझा विश्वास नाही, हे तिला दिसलं की पैज तिथेच संपली. आणि खरं सांगू का, मला विश्वास ठेवायचा होता. वाटलं, अजून इतका दम आहे माझ्यात, की कामं करतो आणि विसरूनही जातो. विसरण्यासारखी किरकोळच ती कामं, असंही एकदा वाटून गेलं. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

दुपारी लाकडं रचली, वर ताडपत्री टाकून चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. बागेतल्या खुर्च्या शेडमध्ये नेल्या. संध्याकाळपर्यंत माझी कंबर धरली होती. थोरली आता तपासनीस राहिली नव्हती. तिनं सूप केलं, पाव भाजला आणि तिच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या. वरच्या खोलीत फार गारठा आहे म्हणून तिनं बैठकीतल्या कोचावर अंथरूण घातलं आणि शेगडी पेटवली. सुरुवातीला जरा धूर आत आला. ती खोकली.

"लाकूड ओलं दिसतंय," ती म्हणाली, आणि तिनं खिडकी थोडी उघडली.

"यंदा उशिरा आणलं," मी म्हटलं.

झोपायला जाताना मी ती खिडकी लावून घेतली. तिला गार लागू नये म्हणून.

रविवारी सकाळी तिचं डोकं दुखत होतं. प्रवासाचं असेल, म्हणाली. मी खिडक्यांच्या फटींत पट्ट्या ठोकल्या, कुंड्या आत घेतल्या, पालापाचोळा दंताळ्यानं ओढून ढीग केला. दुपारी ती स्वतः वही काढून बसली आणि एकेक काम वाचून विचारू लागली. मी धाग्याकडे बोट दाखवायचो, ती टिक करायची. शेवटच्या ओळीवर तिनं पेन ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी उगाच घाबरले. सॉरी."

मी उठून नाक शिंकरलं. राहिलो, राहिलो, इथेच राहिलो, एवढंच डोक्यात फिरत होतं. सात वाजता ती निघणार होती. तेवढी तीन-चार तासांचीच गोष्ट होती.

चार वाजता मी शेवटचा ढीग कंपोस्टच्या खड्ड्यात लोटला. कुंपणापलीकडून वेधशाळेनं मान वर काढली.

"आज रात्री उणे सहा बरं का, ड्रायव्हरसाहेब. पहाटे उणे आठसुद्धा जाईल. बागेची लाइन बंद केलीत ना?"

"तुम्ही तुमचं थर्मामीटर सांभाळा," मी म्हटलं. "तो धागा दिसत नाही का?"

"दिसतो, दिसतो," तो म्हणाला आणि आत गेला.

हात चिखलानं माखले होते. मी नळापाशी गेलो, नळ सोडला, दोन्ही हात चोळून चोळून धुतले, नळ बंद केला आणि पँटला हात पुसत घराकडे निघालो. पाच-सहा पावलं गेलो असेन. मग थांबलो.

नळाला पाणी आलं होतं.

मी मागे वळलो. पुन्हा नळ सोडला. पुन्हा पाणी आलं, चांगलं जोरात, गार. लाल धाग्यावरून ओघळून खाली पडत होतं. मी नळाला धरून उभा राहिलो.

आणि मग गुरुवार आठवला. गुरुवारी सकाळी मी दडपणानं लवकर उठलो होतो. वाटत होतं, नेमकं एखादं काम राहील आणि नेमकं तेच ती बघेल. गुलाब, लाकडं, खुर्च्या विसरण्याची भीती नव्हती, ते समोर दिसतंच. भीती होती ती, झाली की नाहीत हे बघून कळत नाही, अशा कामांची. म्हणून मी गुंडा घेऊन निघालो आणि त्या प्रत्येक ठिकाणी एक धागा बांधला. डोळ्यांना दिसेल, आठवण राहील, आणि काम झालं की सोडून टाकू. केवढी अक्कल चालवली म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. चार धागे बांधून झाले तेवढ्यात कुंपणापलीकडून वेधशाळेनं थंडीच्या लाटेची बातमी दिली, मी चहा टाकायला आत गेलो, आणि ते सगळं डोक्यातून पार पुसलं गेलं. चौतीस वर्षांत जो धागा 'झालं' म्हणायचा, तो मी 'करायचंय' म्हणून बांधला होता. आणि दोन दिवस त्याच्याचकडे बोट दाखवत होतो.

पहिला विचार काय आला, तो लपवत नाही. थोरलीला कळता कामा नये, हा आला.

मी मागच्या दारानं तळघरात उतरलो. बागेच्या लाइनीचा कॉक तिथे भिंतीलगत आहे. तो बंद करायचा, मग बाहेरचा नळ उघडा ठेवून पाइपातलं पाणी जाऊ द्यायचं, दहा मिनिटांचं काम. मी कॉक धरून पिळला. हलला नाही. पाना लावला, पूर्ण वजन टाकलं. पाना निसटला आणि माझी बोटं भिंतीवर आपटली. पेरं सोलली गेली. आता कशाला सोलता, असं मी त्यांना म्हटलंही. पुन्हा लावला. मनगटात ताकदच उरली नव्हती. हाच हात बसचं स्टेअरिंग वळणावर एकट्यानं ओढायचा, आणि आता एक कॉक ऐकत नव्हता.

वरून थोरलीचा आवाज येत होता. ती फोनवर धाकट्याशी बोलत होती. "अरे हो, सगळं. एकूण एक. पन्हळसुद्धा. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा खूप बरे आहेत... नाही रे, राहू देत त्यांना. मी सांगते ना, राहू देत."

मी पाना हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसलो. धाप लागली होती, पण डोकं चालू होतं. वर जायचं आणि म्हणायचं, कॉकचा वॉशर गेलाय, पाणी झिरपतंय, जरा जोर लाव. ती येईल, पिळेल, काम होईल, कुणाला काही कळणार नाही. पन्हळ आठवड्यात कधीही करता येईल. माळ्यावरची खिडकी तर दोन मिनिटांची. आणि धुराडं...

विचार धुराड्यापाशी आला आणि मी उठून उभा राहिलो. काल ती त्याच खोलीत झोपली होती. धूर आत आला होता. ती खोकली होती. तिनं खिडकी उघडली होती आणि मी, तिच्या बापानं, ती स्वतःच्या हातानं लावून घेतली होती. सकाळी तिचं डोकं दुखत होतं.

जिना कसा चढलो, मला ठाऊक नाही. बैठकीत थोरली शेगडीपुढे गुडघे टेकून बसली होती. आत लाकडं रचलेली, कागदाचा बोळा कोंबलेला, आणि हातात काडीपेटी.

"जाण्याआधी खोली तापवून ठेवते," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला रात्री—"

"पेटवू नकोस!"

भर गर्दीत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज निघाला. तिच्या हातातून काडी पडली.

"काय झालं? बाबा, हाताला रक्त कसलं?"

"ते धागे खोटे आहेत," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, कारण बसलो असतो तर पुढचं तोंडातून निघालं नसतं. गुरुवार सांगितला, नळ सांगितला, खिडकी सांगितली. कचऱ्याच्या तळाचं पातेलंसुद्धा सांगून टाकलं. ती जमिनीवरच बसून ऐकत होती.

"कुठले कुठले धागे?" तिनं विचारलं.

"चार. मला आठवतात ते चार."

तिनं काडीपेटी खिशात टाकली. मग उठली, बादली आणि लांब ब्रश घेऊन आली. मी लोखंडी झाकण उघडलं. आधी भसकन काजळी पडली, मग काटक्या, मग वाळलेलं गवत, मग एक अख्खं घरटं. ती काढत गेली, मी बादली धरली. बादली भरली, ती रिकामी करून आणली, पुन्हा निम्मी भरली. तिच्या कपाळाला काळं लागलं होतं. एरवी मी त्यावरून तिला चिडवलं असतं.

मग तळघरात गेलो. मी टॉर्च धरला, तिनं पाना लावला. दुसऱ्या झटक्याला कॉक फिरला. मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि धार बारीक होत होत थेंबांवर येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. परत खाली आलो तेव्हा ती पायरीवर बसली होती, मी बसलो होतो तिथेच.

"बाबा," ती म्हणाली, "हे आपल्या दोघांतच राहू दे. धाकट्याला मी सांगितलंय की सगळं ठीक आहे. तेच राहू दे. मी दर शनिवारी येत जाईन, सगळं तपासून जाईन. तुम्ही इथेच राहा."

ती हे मनापासून बोलत होती. दोन दिवस मी ज्यासाठी जीव मुठीत धरून वावरलो, ते तिनं स्वतःहून माझ्या हातात ठेवलं होतं. मला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर उद्याची सकाळ आली, गोणपाटातले गुलाब, एकट्याचा चहा, कुंपणापलीकडची उणे-अधिकची बडबड. सगळं जागच्या जागी.

"आणि शनिवारी तू येशील," मी म्हटलं, "खोली गार असेल. मी म्हणेन, शेगडी मी कालच साफ केली."

तिनं पाना मांडीवर ठेवला.

"आणि तू विश्वास ठेवशील."

तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होतो, पण हात काजळीनं बरबटलेला, म्हणून तसाच उभा राहिलो. मग टॉर्च भिंतीवरून पुढे सरकवला. बागेच्या कॉकच्या वर, हातभर अंतरावर, दुसरा मोठा कॉक आहे.

"हा पण फिरव," मी म्हटलं.

"हा कशाचा?"

"घराचा."

तिला पटकन कळलं नाही. बागेची लाइन जो तो बंद करतो. घराचं आतलं पाणी कुणी काढत नाही. माणूस राहतो, चूल पेटते, नळ वापरात असतात, तिथे पाणी गोठायचा प्रश्नच येत नाही. आतलं पाणी काढतात ते फक्त हिवाळाभर बंद राहणाऱ्या घराचं. मी तिला हे समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की आता गरज नाही.

"आजच?" तिनं विचारलं.

"आज उणे सहा आहे. तू सातला निघणार. मग केव्हा?"

"बाबा, दोन दिवस विचार करा."

"विचार दोन दिवसांत विसरेन," मी म्हटलं. "फिरव."

तिनं पाना लावला. हा कॉक सहज फिरला. आम्ही वर आलो. मी आधी स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला, मग बाथरूममधले दोन, मग जिना चढून वरचा. पाणी घरभर वाजायला लागलं. जोर ओसरत होता, मधूनच नळ खोकल्यासारखे अडकत होते आणि पुन्हा वाहत होते. मी एकेक नळ सोडत पुढे गेलो. थोरली माझ्यामागून आली आणि मी काही न म्हणता प्रत्येक नळाखाली हात धरून, मी खरंच सोडलाय का, ते बघत आली.